पाइपचा गॅस: नियम आहेत, पण ते पाळले जातात का हे बघतं कोण?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पाइप गॅसबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि भरपूर पत्रं आली. बहुतेकांना कनेक्शन कधी मिळणार, डिपॉझिट परत मिळतं का, सिलिंडरपेक्षा स्वस्त पडतं का हे विचारायचंय, ती सगळी पुढच्या अंकात घेऊ. यावेळी फक्त सेफ्टीचे नियम आणि ते पाळायला लावणाऱ्यांबद्दलची पत्रं घेतलीत. गॅस नेटवर्कच्या मेंटेनन्समध्ये माझी नोकरी गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे, उत्तरं लांबलीत तर समजून घ्या.

प्रश्न: नमस्कार सर. आमच्या एरियात पाइप गॅस आला, सोय छानच आहे. पण माझे सासरे रोज विचारतात की या कंपनीवर लक्ष कोण ठेवतं? महापालिका, पोलीस की फायर ब्रिगेड? मला उत्तर देता येत नाही. (एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर: ताई, तुमच्या सासऱ्यांनी अगदी मुळावर बोट ठेवलंय. तुम्ही नावं घेतलेल्या तिघांपैकी एकाचंही हे मुख्य काम नाही. महापालिका रस्ता खोदायची परवानगी देते, फायर ब्रिगेड गळती झाली की धावून येतं, पोलीस गुन्हा झाल्यावर येतात. गॅस वितरणाचं जाळं कसं टाकायचं, कसं सांभाळायचं याचे नियम करणारी आणि ते पाळले जातात का हे बघणारी संस्था म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, म्हणजे पीएनजीआरबी, ऑफिस दिल्लीला. २००६च्या कायद्याने हे मंडळ आलं. शहरातल्या गॅस जाळ्यासाठी त्यांनी २००८मध्ये तांत्रिक आणि सुरक्षेचे नियम काढले, या लाइनीतले लोक त्याला ‘टी फोर एस’ म्हणतात. २०१०मध्ये आपत्कालीन आराखड्याचे नियम आले आणि २०१३मध्ये जाळ्याची तब्येत सतत तपासत राहायचे, ज्याला इंटिग्रिटी मॅनेजमेंट म्हणतात. सीएनजी पंपावरचे सिलिंडर वगैरे अजून वेगळ्या खात्याकडे, पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे, त्यांचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे.

आता हे नियम आहेत कसले ते थोडं सांगतो, म्हणजे सासऱ्यांनाही समजावता येईल. मोठ्या पाइपलाइनचा गॅस शहराच्या वेशीवर सिटी गेट स्टेशनला येतो, तिथे त्याला वास देतात, मग स्टीलच्या लाइनीतून तो ठिकठिकाणच्या रेग्युलेटिंग स्टेशनपर्यंत जातो, तिथे प्रेशर उतरतं आणि पुढे गल्लीबोळात पिवळ्या नाहीतर केशरी प्लास्टिकच्या पाइपातून, म्हणजे एमडीपीईतून जातो. त्या पाइपात साधारण ४ बार प्रेशर असतं. तुमच्या शेगडीपाशी येईस्तोवर ते २१ मिलिबारवर आलेलं असतं, म्हणजे जवळपास दोनशे पटीने कमी. ही जी पायरी पायरीने उतरण आहे ना, त्यातल्या प्रत्येक पायरीला नियम आहे: पाइपवर माती किती हवी, व्हॉल्व्ह कुठे हवा, स्टीलला गंज लागू नये म्हणून काय करायचं, गळती शोधत फिरायचं कधी, कामावरच्या माणसाला कसलं ट्रेनिंग हवं.

तपासणी मुख्यतः ऑडिटने होते. मंडळाने मान्यता दिलेल्या बाहेरच्या एजन्सी येतात, जाळं आणि रजिस्टर दोन्ही बघतात, त्रुटी लिहितात, कंपनीने त्या दुरुस्त करून कळवायच्या. आणि कळवलं नाही, मंडळाचा लेखी आदेश मोडला, तर कायद्याच्या २८व्या कलमाखाली एका उल्लंघनाला १ कोटी रुपयांपर्यंत दंड आणि तरीही चालूच ठेवलं तर दर दिवसाला आणखी १० लाखांपर्यंत. लायसन्स निलंबित किंवा रद्द करायचाही अधिकार आहे. कागदावर दात आहेत, नाही असं नाही.

मला खटकतं ते वेगळंच आहे. देशात आता तीनशेच्या वर भागांना शहर गॅस वितरणाची परवानगी दिली गेलीय आणि नियामक बसतो एका शहरात. ऑडिट ठरवून येतं, दिवसा येतं, आणि ज्या खड्ड्यात पाइप कमी खोलीवर टाकून रातोरात माती लोटली गेली तो खड्डा ऑडिटच्या दिवशी डांबराखाली असतो. त्यामुळे खरी अंमलबजावणी व्हायची तर ती पाइप उघडा असतानाच, खड्ड्याच्या काठावर उभं राहूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी राज्याच्या पातळीवर, शहरात राहणारे इन्स्पेक्टर हवेत.

प्रश्न: सर, मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजारात आमचं जुनं मराठी कुटुंब. आमच्याकडे गॅस पहिल्यापासून महापालिकेचाच, मुंबई पुण्याच्या नातेवाइकांना आम्ही तेव्हा ऐटीत सांगायचो. मनात एक शंका कायम राहिली, की महापालिका स्वतःच गॅसवाली असेल तर तिलाच नियम कोण शिकवणार? ती तर स्वतः सरकार. (वडोदरा)

उत्तर: काका, ऐट करण्यासारखंच होतं ते! सत्तरच्या दशकात आपल्या शहरांतून लोक रॉकेलच्या रांगेत उभे होते तेव्हा वडोदऱ्याची पालिका घरात पाइपने गॅस देत होती, जवळच्या तेलक्षेत्रांमुळे ते जमलं. पुढे २०१३मध्ये महानगर सेवा सदन, म्हणजे तिथली महापालिकाच, आणि गेल गॅस यांनी मिळून वडोदरा गॅस लिमिटेड ही कंपनी काढली आणि ते जाळं तिच्याकडे गेलं, त्यामुळे आज शुद्ध पालिकेचा असा कारभार तिथे राहिलेला नाही, पण पालिका भागीदार आहेच.

तुमच्या शंकेला दोन भागात उत्तर देतो. पहिला भाग सोपा: मालक कोण यावरून नियम बदलत नाहीत. जाळं चालवणारी जी कोणी संस्था असेल तिला टी फोर एसही लागू, ऑडिटही लागू आणि दंडही लागू. गॅसला मालक कळत नाही, हवेत ५ ते १५ टक्के मिसळला आणि ठिणगी मिळाली की तो पेटतो.

दुसरा भाग अवघड आहे आणि जगात जिथे जिथे शहराच्या मालकीचा गॅस आहे तिथे तिथे तो अवघडच आहे. खाजगी कंपनीला दंड केला की भागधारकांच्या नफ्याला कात्री लागते, निदान लागायला हवी. पालिकेला दंड केला तर तो भरणार कोण? तुम्हीच, बिलातून नाहीतर घरपट्टीतून. म्हणजे धोका सोसायचा तुम्ही आणि त्या धोक्याचा दंडही भरायचा तुम्ही. शिवाय रस्ता खोदायची परवानगी देणारं खातं, पाण्याची लाइन टाकणारं खातं आणि गॅसचं खातं एकाच कमिशनरच्या हाताखाली असलं की एकाने दुसऱ्याला नोटीस काढायची कशी, एकाच कॅन्टीनमध्ये चहा प्यायचा असतो ना. मग तोंडी मिटतं, आणि तोंडी मिटलेल्या गोष्टीची नोंद कुठेच राहत नाही.

म्हणून पालिकेच्या बाबतीत मला दंडापेक्षा तारखेचा आदेश महत्त्वाचा वाटतो. अमुक किलोमीटर जुना पाइप अमुक तारखेपर्यंत बदला, झालं की फोटो आणि टेस्ट रिपोर्टसकट कळवा, नाही झालं तर नवीन कनेक्शन बंद. आणि तो आदेश लोकांना वाचता येईल असा जाहीर. नगरसेवकाला दंडाच्या आकड्याने फरक पडत नाही पण वॉर्डातल्या लोकांच्या हातात तो कागद आला की पडतो, हे मी जवळून बघितलंय. पैसे वसूल करून ते तिजोरीत जमा करण्यापेक्षा तेवढेच पैसे त्याच जाळ्यावर खर्च करायला लावणं कधीही चांगलं.

प्रश्न: दादा, मी नोकरीनिमित्त फिलाडेल्फियात राहते. इथे गॅसचं बिल शहराच्याच संस्थेचं येतं हे बघून आश्चर्य वाटलं, मला वाटायचं अमेरिकेत सगळंच खाजगी. इथे शहराला कोण जाब विचारतं? (फिलाडेल्फिया, अमेरिका)

उत्तर: तुमची ती संस्था म्हणजे फिलाडेल्फिया गॅस वर्क्स, १८३६पासूनची, आणि शहराच्या मालकीच्या गॅस संस्थांमध्ये अमेरिकेतली सगळ्यात मोठी, जवळपास ५ लाख ग्राहक. आणि ती एकटी नाही बरं का, अमेरिकेत शहरांच्या नाहीतर तशाच सार्वजनिक मालकीच्या सुमारे हजार गॅस संस्था आहेत, त्यातल्या कितीतरी अगदी छोट्या गावांच्या, जिथे तीच दोन तीन माणसं पाण्याची लाइन दुरुस्त करतात, मीटर वाचतात आणि गॅसची गळतीही बघतात.

तिथली रचना अशी. १९६८मध्ये गॅस पाइपलाइन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. त्याखालचे किमान नियम केंद्राचे, ‘भाग १९२’ म्हणून ते ओळखले जातात, ते बघणाऱ्या खात्याचं छोटं नाव फिम्सा. पण गल्लीबोळातल्या वितरणाची तपासणी मुख्यतः राज्यं करतात. राज्याने केंद्राचे नियम स्वीकारायचे, आपले इन्स्पेक्टर नेमायचे, दरवर्षी केंद्राकडून तसं सर्टिफिकेशन घ्यायचं, त्या बदल्यात खर्चाचा काही भाग केंद्र देतं, आणि राज्याने जबाबदारी घेतलीच नाही तर केंद्र स्वतः उतरतं. तुमच्या शहराची संस्था २०००पासून पेनसिल्व्हेनियाच्या पब्लिक युटिलिटी कमिशनच्या अखत्यारीत आहे. म्हणजे शहराला जाब विचारणारा शहराच्या बाहेरचा आहे, पण दिल्लीइतका लांबचाही नाही. हे मला फार आवडतं, आणि वर डोंबिवलीच्या ताईंना मी राज्यातल्या इन्स्पेक्टरबद्दल जे म्हटलं ते हेच.

नियमही मोजता येतील असे आहेत. बाजारपेठेच्या भागात गळतीचा सर्व्हे दरवर्षी, दोन सर्व्हेंमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. बाकी भागात निदान ५ वर्षांतून एकदा. गंभीर अपघात झाला हे कळलं की एका तासात फोनवर कळवायचं. पाइपला हात लावणारा माणूस त्या त्या कामासाठी तपासून पात्र ठरवलेला हवा, हा नियम १९९९चा, आणि छोट्या गावांना सगळ्यात जड जातो तो हाच, कारण माणसंच कमी. २००९मध्ये प्रत्येक वितरण संस्थेने आपल्या जाळ्यातले धोके स्वतः शोधून त्यांचा क्रम लावायचा असाही नियम आला. इन्स्पेक्टर आला की तो तारखा मागतो. सर्व्हे सोळाव्या महिन्यात केला असेल तर ते उल्लंघन, तिथे ‘साहेब पाऊस होता’ चालत नाही.

तरीही अपघात होतातच. डिसेंबर २०१९मध्ये तुमच्याच शहरात, साउथ फिलाडेल्फियात, १९२८मध्ये टाकलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, गॅस लाइनीला तडा गेला, स्फोटात घरं कोसळली आणि दोन माणसं गेली. बीड वाकत नाही, सरळ तडकतं, आणि थंडीत जमीन हलली की ते होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण अख्ख्या शहराचं बीड बदलायचं तर प्रचंड पैसा लागतो आणि तो शेवटी बिलातूनच यायचा असतो, म्हणून दरवर्षी थोडं थोडं होतं. इथे नियम मोडला की नाही हा प्रश्नच नाही, नियमाने किती वेग मागितला हा प्रश्न आहे. तिथली परिवहन सुरक्षा संस्था, एनटीएसबी, अशा अपघातांची चौकशी करते. तिला दंड करायचा अधिकार नाही पण तिचे रिपोर्ट नावागावासकट सगळ्यांना वाचता येतात, कोणत्या वर्षी काय ठरलं, कोणी काय दुर्लक्षलं. आपल्याकडे असं होत नाही याची मला खरंच खंत वाटते.

खाजगी कंपन्यांची दोन उदाहरणं सांगतो कारण दंडाचा आकडा तिथे दिसतो. २०१०मध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला मोठी लाइन फुटली, ८ माणसं गेली, राज्याच्या कमिशनने २०१५मध्ये तिथल्या पीजी अँड ई या कंपनीला १६० कोटी डॉलरचा दंड केला, आणि त्यातला मोठा भाग पाइपलाइनच्या सुरक्षेवरच, भागधारकांच्या पैशातून खर्च करायला लावला. दुसरं सप्टेंबर २०१८चं, मॅसेच्युसेट्समध्ये लॉरेन्स आणि शेजारच्या दोन गावांत. जुनी बिडाची लाइन बंद करून प्लास्टिकची जोडत होते, पण प्रेशर मोजणारी नळी जुन्याच लाइनीवर राहिली. जुन्या लाइनीतलं प्रेशर उतरलं तसं रेग्युलेटरला वाटलं गॅस कमी पडतोय, त्याने सोडत सोडत घराघरात जास्त प्रेशर ढकललं, एकाच संध्याकाळी तीन गावांत आगी. एक अठरा वर्षांचा मुलगा गेला. तिथल्या गॅस कंपनीने, कोलंबिया गॅसने, फौजदारी गुन्हा कबूल केला, ५ कोटी ३० लाख डॉलर भरले आणि तिला तो धंदाच विकून राज्याबाहेर जावं लागलं. पण मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती वेगळी: अशा कामाच्या ड्रॉइंगवर परवानाधारक इंजिनियरची सही लागायची नाही, तशी कायद्यातच सूट होती, आणि त्याच वर्षाच्या शेवटी राज्याने ती सूट काढून टाकली. सही करणारा माणूस ठरला की मग कोणीतरी ड्रॉइंग नीट वाचतं.

प्रश्न: आमच्या रस्त्यावर काँक्रीटचं काम चालू आहे. जेसीबीचं बकेट पिवळ्या पाइपला लागलेलं मी गॅलरीतून पाहिलं. वास आला नाही. मुकादम म्हणाला नुसतं खरचटलंय, आणि माती टाकून मोकळा झाला. मी कोणाला सांगायला हवं होतं? आणि यात चूक कोणाची धरायची? (एक ज्येष्ठ नागरिक, मुंबईचं उपनगर)

उत्तर: आजोबा, तुमचं पत्र वाचून मी आधी तुम्हाला फोन करायला लावला होता आणि कंपनीचा माणूस येऊन बघून गेला असं तुमच्या मुलाने कळवलं, म्हणून आता निवांत लिहितो. बाकी वाचकांनी हे उत्तर जरा लक्ष देऊन वाचा कारण शहरात गॅसच्या पाइपला सगळ्यात मोठा धोका गंजाचा नाही, दुसऱ्याच्या खोदकामाचा आहे.

‘नुसतं खरचटलंय’ हे वाक्य या कामातलं सगळ्यात घातक वाक्य. प्लास्टिकच्या पाइपला ओरखडा पडला की ती जागा कायमची कमजोर होते, आत २४ तास प्रेशर आहे, वरून डंपर जातायत, ती चीर आज उघडेल नाहीतर चार वर्षांनी. स्टीलच्या पाइपवरचं कोटिंग निघालं तर तिथून गंज सुरू. आणि वरून काँक्रीट झालं की गळलेला गॅस सरळ वर येऊ शकत नाही, तो वाट शोधतो, ड्रेनेजच्या चेंबरमधून, केबलच्या डक्टमधून, पायाच्या फटीतून, आणि भलत्याच घरात निघतो. त्यात आणखी वाईट म्हणजे मातीतून लांब जाताना गॅसला दिलेला वास माती शोषून घेते, म्हणजे घरात गॅस आहे आणि नाकाला कळत नाही असंही होऊ शकतं. त्यामुळे वास आला नाही म्हणजे काही झालं नाही असं कधीच समजू नका.

मार्च २०२५मध्ये अंधेरी पूर्वेला नेमकं खोदकामातच गॅसच्या लाइनीला धक्का लागला आणि मध्यरात्री रस्त्यावर आगीचा लोळ उठला, माणसं भाजली. बातमी दोन दिवस चालली, मग संपली.

चूक कोणाची? पाइप नियमाने निदान १ मीटर खोल हवा, त्याच्या वर धोक्याची पट्टी अंथरलेली हवी आणि रस्त्यावर मार्कर हवेत. ते नसेल तर गॅस कंपनी जबाबदार. ते सगळं आहे आणि तरी ठेकेदाराने न विचारता बकेट घातलं तर ठेकेदार जबाबदार. आणि परवानगी देताना गॅसच्या लाइनीचा नकाशा जोडलाय का, कंपनीचा माणूस साइटवर असणार का हे ज्या ऑफिसने विचारलंच नाही, ते ऑफिसही जबाबदार, पण त्याचं नाव एफआयआरमध्ये कधी येत नाही. पोलीस केस होते ती जेसीबीच्या ड्रायव्हरवर. रोजंदारीचा पोरगा, त्याला खाली काय आहे हे कोणी सांगितलेलं नसतं, तो आत जातो आणि वरचे सगळे मोकळे. हे मला मान्य नाही, कधीच नव्हतं.

अमेरिकेत २००७पासून ८११ हा एकच नंबर आहे, खोदायच्या आधी तो फिरवला की सगळ्या कंपन्या येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात, गॅसचा पिवळा. घराच्या मागे झाड लावायला खड्डा काढायचा असला तरी. आपल्याकडे मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं, चांगलं आहे, पण वॉर्ड ऑफिसने खोदकामाची परवानगी देतानाच त्या ॲपची पोच जोडल्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही असं केलं तर ते खरं चालेल. आणि एक अट अजून घालावी, गॅसच्या लाइनीच्या आजूबाजूला मशीन बंद, फावड्यानेच खोदायचं, कंपनीचा माणूस समोर उभा पाहिजे, अट मोडली तर डिपॉझिट जप्त. यासाठी कुठला नवा कायदा लागत नाही, परवानगीच्या पत्रात चार ओळी वाढवायच्या आहेत.

तुम्ही काय करायचं: असं काही दिसलं तर लांबून फोटो काढा, गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन करा, तो बिलावर छापलेला असतो, वास येत असेल तर फायर ब्रिगेडलाही, आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. वॉर्ड ऑफिसला नंतर लेखी द्या. मुकादमाशी भांडत बसू नका, तो माती टाकायची घाई करणारच कारण काम थांबलं तर त्याचा रोज बुडतो. माणूस येईपर्यंत खड्डा उघडा राहील एवढं बघा आणि कोणाला तिथे विडी पेटवू देऊ नका.

प्रश्न: स्वयंपाकघरात मला वास येतो, कंपनीचा मुलगा मशीन लावून म्हणतो रीडिंग नाही. मी वेडी का? (पुणे)

उत्तर: मुळीच नाही. नियमच असा आहे की गॅस पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांश असतानाच नाकाला कळला पाहिजे, म्हणजे हवेत १ टक्का असतानाच. हा धडा जगाला फार महागात मिळाला, १९३७मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेले, आणि त्यानंतर वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. तुमचं नाक मशीनच्या आधी सांगू शकतं. वास जास्त कधी येतो, सकाळी खिडक्या बंद असताना का, ते लिहून ठेवा आणि त्याच वेळी परत बोलवा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघायला सांगा, शेगडीच्या रबरी नळीपासून सुरुवात करा. वास जोरात आला तर स्विच चालूही करू नका बंदही करू नका, गॅसचा व्हॉल्व्ह फिरवून बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर जा आणि फोन बाहेरून करा.

प्रश्न: किचनचं काम काढलंय, इंटिरियरवाला गॅसचा पाइप कपाटाच्या आत घेऊ म्हणतो. चालेल का?

उत्तर: नाही. पाइप उघडा आणि हवेशीर जागेतच हवा, गॅस हवेपेक्षा हलका आहे, वर चढतो, बंद कपाटात साठतो. पाइप हलवायचा असेल तर कंपनीकडे अर्ज करा, पैसे भरा, त्यांच्या माणसाकडूनच करून घ्या. खिडकीच्या जाळीतली फट बुजवू नका.

प्रश्न: आमच्या सोसायटीची कमिटी जागरूक आहे, पण आम्ही सामान्य माणसं कंपनीला किंवा त्या दिल्लीच्या मंडळाला विचारणार काय आणि कसं? पत्राला उत्तर तरी येतं का? (सोसायटी सेक्रेटरी, ठाणे जिल्हा)

उत्तर: येतं, पण प्रश्न नेमका हवा. ‘आमची लाइन सुरक्षित आहे का’ असं विचारलं की ‘होय, सर्व मानकांनुसार’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि तुम्ही जिथल्या तिथे. तारीख मागा. आमच्या गल्लीत गळतीचा सर्व्हे शेवटचा कधी झाला, काय सापडलं, दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली. आमच्या जवळच्या रेग्युलेटिंग स्टेशनचा मेंटेनन्स कधी झाला. आपत्कालीन आराखड्याखालचं मॉक ड्रिल आमच्या वॉर्डात कधी झालं, त्याला फायर ब्रिगेड आलं होतं का. आमची इमारत कुठल्या व्हॉल्व्हने बंद होते आणि तो व्हॉल्व्ह रस्त्याच्या कामात डांबराखाली गेलाय की उघडा आहे. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा, गळतीच्या वेळी व्हॉल्व्हचं झाकण शोधत पळणारे लोक मी पाहिलेत, एक एक मिनिट तासासारखा वाटतो.

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला, मग नोडल ऑफिसरला, मग त्यांच्याच अपीलवाल्या अधिकाऱ्याकडे, अशी पायरी आहे आणि ती लेखी चढा, ईमेल चालतं. तिथे दाद लागली नाही तर पीएनजीआरबीकडे तक्रार करता येते. मंडळ सरकारी संस्था आहे म्हणून तिला माहितीचा अधिकार लागू आहे, ऑडिटमध्ये आमच्या भागाबद्दल काय त्रुटी निघाल्या आणि त्यावर काय झालं असा अर्ज दहा रुपयांत होतो. सगळं देतील असं नाही, सुरक्षेचं कारण सांगून काही गाळतील, पण विचारणाऱ्यांचा एक गठ्ठा त्यांच्या टेबलावर असला की पुढच्या ऑडिटची यादी बनवताना तो भाग वर येतो. दहा सोसायट्यांनी मिळून एकच पत्र देण्यापेक्षा प्रत्येकीने आपल्या गल्लीपुरतं वेगळं द्या, तुमच्या बाबतीत हे जास्त कामाला येईल.

आणि सेक्रेटरी साहेब, पत्र पाठवायच्या आधी खाली उतरून एकदा बघून घ्या, गेटजवळच्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर कोणाची गाडी उभी राहते का. राहत असेल तर ती जागा या रविवारच्या मीटिंगमध्येच नो पार्किंग करून टाका, त्याला कंपनीची परवानगी लागत नाही.